फुकटच्या प्रॉक्सीआधी दोन प्रश्न

साइट उघडत नाही, पडद्यावर ‘ब्लॉक्ड’ असं लिहून येतं आणि शेजारी बसलेला लगेच सांगतो, ‘अरे, प्रॉक्सी टाक,’ नाहीतर ‘व्हीपीएन लाव, चालू होईल.’ कॉलेजच्या हॉस्टेलवर, ऑफिसात, दुबईला नोकरीसाठी गेलेल्या मुलांच्या खोलीवर, सगळीकडे हाच सल्ला मिळतो. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो आणि बहुतेक वेळा साइट खरंच चालू होते. साइट चालू झाली की कोणी पुढे चौकशी करत नाही. ती चौकशी करा, एवढं सांगण्यासाठी हे लिहिते आहे.

बंद केलेलं पान वाचावंसं वाटणं यात लाज वाटण्यासारखं काही नाही. स्तनाच्या कर्करोगाची माहिती शोधणाऱ्या बाईला एखादा फिल्टर अश्लील मजकुराच्या नावाखाली अडवतो, पाळीबद्दल वाचू पाहणाऱ्या मुलीला अडवतो, प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या विद्यार्थ्याला अडवतो. अशा वेळी माणूस दुसरी वाट शोधणारच. पण वाटेला लागण्याआधी दोन प्रश्न विचारा. हे पान कोणी बंद केलं आहे? आणि ज्याच्या मार्फत मी ते उघडणार आहे तो कोण आहे? दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आणि नेमका तोच कोणी विचारत नाही, म्हणून आधी तो घेते.

प्रॉक्सी म्हणजे मधला संगणक. तुम्हाला हवं असलेलं पान तो तुमच्या वतीने मागवतो आणि तुमच्याकडे पाठवतो. कॉलेजच्या फिल्टरला एवढंच दिसतं की तुमचं त्या मधल्या संगणकाशी काहीतरी बोलणं चालू आहे. पुढे तुम्ही कुठे गेलात ते त्याला कळत नाही. मधल्याला मात्र कळतं. कॉलेजपासून जे लपवलंत ते तुम्ही त्याच्या हवाली केलंत, आणि कॉलेजचा पत्ता तरी तुम्हाला ठाऊक आहे, याचा नाही. एसटी स्टँडवर भेटलेल्या अनोळखी माणसाला पासबुक आणि सही केलेली स्लिप देऊन ‘बँकेतून पैसे काढून आण’ असं आपण म्हणत नाही. फोनवर मात्र आपण अगदी तेच करतो आणि आपल्याला ते जाणवतही नाही.

मधल्याला किती दिसतं हे प्रॉक्सी कोणत्या प्रकारची आहे त्यावर ठरतं. सगळ्यात धोक्याची ती चौकटीची. एखादं पान उघडतं, त्यात चौकट असते, तिच्यात पत्ता टाकायचा आणि बटण दाबायचं. इथे तुमचं पान आधी त्यांच्या संगणकावर उघडतं, तिथे त्यातले दुवे बदलले जातात आणि मग ते तुमच्यापर्यंत येतं. काही ब्राउझरच्या पट्टीत कुलूप दिसेल, पण ते तुम्ही आणि प्रॉक्सी यांच्यामधल्या रस्त्याचं असतं. प्रॉक्सीच्या आत सगळं उघडं असतं. तिथून जीमेलमध्ये, फेसबुकमध्ये, कॉलेजच्या पोर्टलमध्ये लॉगिन केलंत तर तो पासवर्ड प्रॉक्सी चालवणाऱ्याला वाचता येतो. तो वाचतोच असं नाही. पण वाचायचं की नाही हे तो ठरवतो, तुम्ही नाही.

दुसरा प्रकार वाय-फायच्या सेटिंगमध्ये पत्ता आणि पोर्टचा आकडा भरायचा. टेलिग्रामवर अशा आकड्यांच्या याद्या फिरत असतात. इथे एचटीटीपीएसने चालणाऱ्या, म्हणजे कुलूप असलेल्या, साइटचा मजकूर मधल्याला वाचता येत नाही, पण तुम्ही कोणत्या साइटवर कधी गेलात आणि किती वेळ होतात हे समजतं. ज्या साइटला कुलूप नाही तिथलं सगळंच दिसतं, आणि त्या पानात स्वतःची जाहिरात किंवा एखादी घातक ओळ घुसवताही येते. यापुढे कुठल्याही प्रॉक्सीने ‘आमचं सर्टिफिकेट इन्स्टॉल करा’ असं म्हटलं तर तिथेच थांबा. ते सर्टिफिकेट फोनमध्ये बसवणं म्हणजे कुलपाची किल्ली त्याला देणं. मग तो तुमची कुलूपबंद पानंही उघडून वाचून पुन्हा बंद करू शकतो, आणि ब्राउझर साधा इशाराही देत नाही.

तिसरा प्रकार व्हीपीएनचा. यात एखाद्या ब्राउझरपुरतं नव्हे, सगळ्या फोनचं येणंजाणं त्यांच्या संगणकावरून होतं. एका साइटसाठी चालू केलेलं व्हीपीएन बंद करायला आपण विसरतो आणि दिवसभर फोनमधलं प्रत्येक अ‍ॅप त्याच वाटेने बोलत राहतं. अँड्रॉइडवर वरच्या पट्टीत बारीकशी किल्ली दिसते, ती याचीच खूण. आज ती तुमच्या फोनवर दिसते का, एकदा बघून घ्या.

आता फुकटाबद्दल. सर्व्हरला वीज लागते, बँडविड्थ लागते, माणसं लागतात. लाखो लोकांना ते मोफत पुरवणारा कुठून तरी पैसे काढतोच. कुठून काढतो, याची काही उत्तरं गेल्या दहा-बारा वर्षांत उघड झाली आहेत.

होला नावाचं एक फुकट व्हीपीएन जगभर लोकप्रिय होतं. दुसऱ्या देशातले व्हिडिओ बघायला लोक ते ब्राउझरमध्ये टाकत. २०१५ मध्ये लोकांच्या लक्षात आलं की होला वापरणाऱ्याचं इंटरनेट कनेक्शनच दुसऱ्यांना वापरायला दिलं जात होतं, आणि लुमिनाटी या नावाने ती सोय पैसे घेऊन विकलीही जात होती. एका साइटवर झालेला हल्ला याच वाटेने आल्याचं त्या साइटच्या चालकाने जाहीर केलं, तेव्हा ही गोष्ट बाहेर आली. घरातल्या संगणकावर आपण सिनेमा बघतोय आणि त्याच वेळी आपल्या कनेक्शनवरून कोण कुठे काय करतोय याचा पत्ता नाही, अशी ती अवस्था होती.

त्याहून मोठं प्रकरण मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने जाहीर केलं. ‘९११ एस५’ या नावाचं जाळं. मास्कव्हीपीएन, ड्यूव्हीपीएन, पॅलाडिनव्हीपीएन, प्रॉक्सीगेट, शील्डव्हीपीएन, शाइनव्हीपीएन ही त्यातल्या मोफत सेवांची नावं. लोकांनी ती हौसेने डाउनलोड केली आणि त्यांचे संगणक त्यांच्या नकळत भाड्याने दिले गेले. जवळपास २०० देशांतले १ कोटी ९० लाखांहून अधिक आयपी पत्ते या जाळ्यात सापडले. गुन्हेगार पैसे भरून त्यातला एक पत्ता निवडत आणि त्या पत्त्यावरून आर्थिक फसवणूक करत, बॉम्बच्या धमक्या पाठवत, लहान मुलांच्या शोषणाचा मजकूर पसरवत. तपास करणाऱ्याला पत्ता दिसे तो एखाद्या साध्या कुटुंबाचा.

याचा आपल्याकडे काय अर्थ होतो ते बघा. सायबर गुन्ह्यात पोलीस आयपी पत्ता घेऊन इंटरनेट कंपनीकडे जातात आणि कंपनी सांगते की हे कनेक्शन अमुक माणसाच्या नावावर आहे. घरच्या ब्रॉडबँडवर नाव वडिलांचं असतं, नाहीतर घरमालकाचं. मुलाने फुकट व्हीपीएन टाकलेलं असतं. निर्दोष असल्याचं शेवटी सिद्ध होईलही, पण तोवर संगणक जप्त, फोन जप्त, चौकीच्या फेऱ्या आणि सोसायटीत चर्चा. मोफत व्हीपीएनची ही किंमत कोणी मोजायला नको, एवढीच माझी कळकळ आहे.

पैसे काढायची दुसरी वाट म्हणजे तुमची माहिती. फेसबुकने २०१३ मध्ये ओनाव्हो ही कंपनी घेतली. तिचं ओनाव्हो प्रोटेक्ट हे अ‍ॅप तुमचं संरक्षण करतं अशी जाहिरात होती. फोनवर लोक कोणती अ‍ॅप किती वापरतात याची माहिती मात्र ते गोळा करत होतं आणि ती कंपनीच्या धंद्यासाठी वापरली जात होती. अ‍ॅपलने २०१८ मध्ये ते आपल्या दुकानातून काढायला लावलं. ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने २०२३ मध्ये, लोकांना हे नीट सांगितलं नाही म्हणून, फेसबुकच्या दोन उपकंपन्यांना मिळून २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. एवढ्या मोठ्या नावाच्या कंपनीची ही कथा, मग ज्या अ‍ॅपच्या पानावर मालकाचं नावही सापडत नाही त्याचं काय?

‘आम्ही कसलीही नोंद ठेवत नाही’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक व्हीपीएनच्या पानावर असतं. २०२० मध्ये हाँगकाँगशी संबंधित सात मोफत व्हीपीएन सेवा असंच सांगत होत्या. त्यांचा एकत्रित साठा इंटरनेटवर उघडा पडलेला सापडला, १ टेराबाइटहून जास्त, आणि त्यात वापरणाऱ्यांच्या हालचालींच्या नोंदी होत्या, पासवर्डही होते. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेतल्या आणि विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये अँड्रॉइडची २८३ व्हीपीएन अ‍ॅप तपासली होती. त्यातल्या १८ टक्के अ‍ॅपमध्ये मजकुराला कुलूपच लागत नव्हतं आणि ३८ टक्क्यांत घातक सॉफ्टवेअरच्या खुणा मिळाल्या. अभ्यासाला आता बरीच वर्षं झाली, पण वर सांगितलेलं २०२४ चं प्रकरण वाचल्यावर काळ सुधारला असं म्हणवत नाही.

आणि अ‍ॅपच्या ज्या फायली व्हॉट्सअ‍ॅपवरून येतात त्यांना तर हातच लावू नका. २०२० च्या जून अखेरीस टिकटॉकसह ५९ चिनी अ‍ॅपवर केंद्राने बंदी घातली, आणि आठवड्याभरात ‘टिकटॉक प्रो’ नावाची एपीके फाइल गावोगावच्या ग्रुपांवर फिरू लागली. टिकटॉकशी तिचा काही संबंध नव्हता. महाराष्ट्राच्या सायबर विभागाने तेव्हा लोकांना सावध केलं होतं. बंदी आली की तिच्या मागोमाग असे लोक येतातच, कारण त्या दिवशी लाखो माणसं एकच गोष्ट शोधत असतात आणि घाईत असतात.

आता पहिला प्रश्न, पान बंद कोणी केलं. हे ओळखणं वाटतं तेवढं अवघड नाही. कॉलेजच्या वाय-फायवर न उघडणारी साइट मोबाइल डेटावर उघडून बघा. उघडली, तर बंदी बहुधा कॉलेजची आहे, सरकारची नाही, आणि तुमचा प्रश्नही तिथेच सुटला. प्रॉक्सीची गरज उरली नाही. स्वतःच्या डेटावर, स्वतःच्या फोनवर वाचा. कितीतरी मुलं एवढी साधी गोष्ट न करता हॉस्टेलच्या नेटवर कुठलीतरी चौकट शोधत बसतात, डेटा वाचवण्यासाठी. वाचलेल्या डेटाच्या किमतीपेक्षा पासवर्ड महाग असतो.

कॉलेजच्या आणि ऑफिसच्या फिल्टरमागे बहुतेक वेळा फोर्टिनेट, सोफॉस अशा एखाद्या कंपनीची यंत्रणा असते. तिने जगातल्या साइट खणांमध्ये वाटून ठेवलेल्या असतात. जुगार, अश्लील, खेळ, सोशल मीडिया, असे खण. कॉलेज फक्त कोणते खण बंद ठेवायचे ते निवडतं. प्रत्येक साइट कुठल्या खणात जाते हे कॉलेजमधल्या कोणी ठरवलेलं नसतं, आणि चूक झाली तर त्यांना ती माहीतही नसते. पडद्यावर आलेल्या ‘ब्लॉक्ड’च्या पानावर बहुधा खणाचं नाव लिहिलेलं असतं. ते वाचा. आरोग्याची माहिती देणारी साइट ‘अश्लील’ या खणात पडली असेल, तर ती चूक आहे आणि ती दुरुस्त होते. फिल्टर बनवणाऱ्या कंपन्या स्वतःच साइटचा खण बदलण्यासाठी विनंती घेतात.

म्हणून मागा. हा या सगळ्या लेखातला सगळ्यात साधा आणि सगळ्यात कमी वापरलेला उपाय आहे. संगणक विभागाच्या नावे चार ओळींचा अर्ज लिहा: साइटचा पूर्ण पत्ता, पडद्यावर आलेला खण, कोणत्या विषयासाठी हवी आहे ते, आणि शक्य असेल तर शिकवणाऱ्या सरांची किंवा मॅडमची सही. पडद्याचा फोटो जोडा. एकट्याने दिला तर अर्ज टेबलावर पडून राहील, म्हणून वर्गातल्या दहा-पंधरा जणांनी सह्या करा. ग्रंथपालांना सोबत घ्या, त्या माणसाला वाचकाची अडचण इतरांपेक्षा लवकर कळते. अमेरिकेत सरकारी अनुदान घेणाऱ्या ग्रंथालयांना फिल्टर लावणं कायद्याने बंधनकारक झालं, तेव्हा ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २००३ मध्ये न्यायालयाने तो कायदा टिकवला, आणि त्यात एक मोठा आधार हा होता की प्रौढ वाचकाने विनंती केली तर ग्रंथपाल फिल्टर काढू शकतो. आपल्याकडे असा नियम नाही. पण एखाद्या प्राचार्यांनी ठरवलं तर उद्या सकाळी सूचनाफलकावर लावता येईल इतकी ती छोटी गोष्ट आहे. हे वाचणाऱ्यांत कोणी प्राचार्य असतील, कोणी संस्थाचालक असतील, कोणी नेटवर्क सांभाळणारे असतील, तर त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. ‘ही साइट उघडून हवी’ असा अर्ज घेण्याची सोय ठेवा आणि त्याला दोन दिवसांत उत्तर द्या, नकार असला तरी कारणासह. तुम्ही उत्तर देत नाही म्हणून मुलं अनोळखी माणसाच्या सर्व्हरवर जातात.

मोबाइल डेटावरही साइट उघडली नाही, तर ती बंद पडलेली असू शकते, आपल्या देशाबाहेरच्या मालकानेच भारतासाठी बंद ठेवलेली असू शकते, किंवा इंटरनेट कंपनीने न्यायालयाच्या वा सरकारच्या आदेशाने अडवलेली असू शकते. सरकारी बंदीचा मुख्य आधार माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९अ आणि त्याखालचे २००९ चे नियम. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये श्रेया सिंघल खटल्यात त्याच कायद्यातलं कलम ६६अ रद्द केलं, पण ६९अ कायम ठेवलं. या नियमांत गुप्ततेची तरतूद आहे, त्यामुळे बंदी का घातली हे सामान्य माणसाला बहुतेक वेळा समजतच नाही.

बंदी नेहमी नेमकी असते असंही नाही. जुलै २००६ मध्ये मुंबईतल्या लोकल गाड्यांतल्या स्फोटांनंतर मोजकी काही पानं बंद करायला सांगितली होती, आणि इंटरनेट कंपन्यांनी सगळं ब्लॉगस्पॉटच बंद करून टाकलं. डिसेंबर २०१४ मध्ये महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाने केलेल्या मागणीतून ३२ साइटवर बंदी आली, त्यात जगभरचे प्रोग्रॅमर वापरतात ते गिटहब होतं आणि जुनी पुस्तकं, जुनी पानं जपून ठेवणारं इंटरनेट अर्काइव्हही. २०२२ मध्ये व्हीएलसी प्लेअर बनवणाऱ्या व्हिडिओलॅन या ना-नफा संस्थेची साइट भारतात अनेक महिने उघडत नव्हती. खऱ्या साइटचं दार बंद, म्हणून किती जणांनी व्हीएलसी कुठून कुठून उतरवून घेतलं असेल, याचा विचार केला की काळजी वाटते. ती बंदी उठली कशी? संस्थेने ऑक्टोबरमध्ये सरकारला कायदेशीर नोटीस पाठवली आणि नोव्हेंबरमध्ये साइट पुन्हा उघडली. हुंड्यावर उपरोधाने लिहिलेली ‘डावरी कॅल्क्युलेटर’ नावाची साइट २०१८ मध्ये बंद झाली होती. तिच्या मालकाला बंदीच्या आदेशाची प्रत द्या आणि त्याचं म्हणणं ऐका, असं दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये सांगितलं. सरकारी बंदीविरुद्धही विचारता येतं, उशीर लागतो तरीही. तुमच्या उपयोगाची एखादी निर्दोष साइट अशी अडकली असेल, तर तिच्या चालकांना कळवा. भारतात आपली साइट उघडत नाही हे अनेकांना वाचकांकडूनच पहिल्यांदा समजतं.

मधल्या काळात हवं ते दुसरीकडे मिळतं का पाहा. एखादा लेख इंटरनेट अर्काइव्हच्या जुन्या प्रतीत असतो, शोधनिबंध लेखकाला साधी ईमेल केली तर बहुधा मिळतो, माहिती विकिपीडियावर किंवा मराठी विश्वकोशात असते. सिनेमा आणि क्रिकेटचे सामने फुकट बघण्यासाठी प्रॉक्सी शोधणाऱ्यांना मात्र मला दुसरी वाट दाखवायची नाही. तिथे बंदी घालणाऱ्याची बाजू बरोबर आहे आणि त्या साइटवरच सगळ्यात जास्त घाण भरलेली असते.

एवढं करूनही ज्याला खरंच गरज आहे, त्याने काय वापरावं? वाचण्यापुरतं काम असेल तर टॉर ब्राउझर. तो अमेरिकेतल्या एका ना-नफा संस्थेचा आहे, मोफत आहे, आणि त्याचा खर्च देणग्या आणि अनुदानांतून चालतो हे उघडपणे सांगितलेलं आहे. तुमची मागणी तो तीन वेगवेगळ्या संगणकांतून नेतो, त्यामुळे तुम्ही कोण आणि तुम्ही कुठे गेलात या दोन्ही गोष्टी एकाच मधल्याला दिसत नाहीत. तो हळू चालतो, व्हिडिओसाठी कामाचा नाही, आणि कुलूप नसलेल्या साइटवर शेवटच्या संगणकाला मजकूर दिसतो, हे लक्षात ठेवा. तो त्यांच्या स्वतःच्या साइटवरूनच उतरवा. व्हीपीएन हवंच असेल तर पैसे घेणारं घ्या. त्या कंपनीचा पत्ता आणि मालक जाहीर आहेत का, बाहेरच्या तपासनीसांनी तिची तपासणी करून अहवाल प्रसिद्ध केला आहे का, हे पाहा. काम झालं की ते बंद करा. बँकेचं काम, यूपीआय, आधार, डिजिलॉकर यांतलं काहीही प्रॉक्सीवरून किंवा अशा व्हीपीएनवरून करू नका. कोणतंही व्हीपीएन अ‍ॅप संपर्क, एसएमएस किंवा ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ची परवानगी मागत असेल तर ते काढून टाका. पान आणून द्यायला यातल्या कशाचीच गरज नसते. एसएमएसची परवानगी दिली की तुमचा ओटीपी त्याच्या हाती जातो.

कायद्याचं थोडक्यात सांगते. भारतात व्हीपीएन वापरणं हाच काही गुन्हा नाही. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची नावं, पत्ते आणि आयपी पत्ते पाच वर्षं जपून ठेवायला सांगितलं. त्यानंतर अनेक परदेशी कंपन्यांनी भारतातले सर्व्हर हलवले, पण वापरणाऱ्यांवर बंदी आली नाही. गुन्हा मात्र व्हीपीएन लावून केला तरी गुन्हाच राहतो. सरकारी कर्मचाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या जून २०२२ च्या सूचनांमध्ये त्यांना बाहेरची व्हीपीएन, टॉर आणि प्रॉक्सी वापरायला स्पष्ट मनाई आहे. खासगी ऑफिसचा लॅपटॉपही तुमचा नसतो. तिथे फिल्टर चुकवणं नोकरीवर बेतू शकतं, आणि त्या लॅपटॉपमधून एखादं घातक सॉफ्टवेअर आत शिरलं तर सगळ्या ऑफिसवर. जम्मू-काश्मीरमध्ये परिस्थिती आणखी कडक आहे. २०२० मध्ये तिथे व्हीपीएनवरून सोशल मीडिया वापरणाऱ्यांविरुद्ध यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला होता. तिथे शिकायला, नोकरीला किंवा फिरायला जाणाऱ्यांनी जिल्ह्यातला व्हीपीएनबद्दलचा चालू आदेश आधी विचारून घ्यावा.

परदेशात असलेल्यांनीही तिथला कायदा आधी विचारून घ्यावा. अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपवर कॉल लागत नाहीत, म्हणून घरी बोलायला मराठी मुलं व्हीपीएन लावतात, आणि आई इकडे वाट बघत असते हे मला समजतं. पण तिथल्या सायबर कायद्यात दुसऱ्याचा आयपी पत्ता वापरून गुन्हा केल्यास ५ लाख ते २० लाख दिरहमचा दंड सांगितला आहे, आणि कुठला वापर त्यात मोडेल हे ठरवणारे आपण नसतो. तिथे परवानगी असलेली बोटिमसारखी अ‍ॅप आहेत, आईच्या फोनवर सुट्टीत आलात की तेच बसवून द्या. चीनमध्ये वैद्यकीय शिक्षणाला जाणाऱ्यांनी तिथे गुगल आणि व्हॉट्सअ‍ॅप चालत नाहीत हे धरूनच निघावं, आणि तिथे गेल्यावर हाताला लागेल ते अ‍ॅप टाकू नये.

घरात मुलाच्या फोनवर व्हीपीएन सापडलं तर लगेच फोन काढून घेऊ नका. काय बघायचं होतं, हे आधी विचारा. गेम असेल, अश्लील काही असेल, किंवा जे तुमच्याशी बोलायला संकोच वाटतो असं शरीराबद्दलचं काही असेल. शरीराबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर घरातच मिळालं तर त्याला कुठलीही प्रॉक्सी लागणार नाही. फोन काढून घेतलेला मुलगा मित्राच्या फोनवर तेच करतो, आणि मग तुम्हाला काहीच दिसत नाही.

ज्यांनी आधीच काही वापरलं आहे त्यांनी आज अर्धा तास काढा. सेटिंगमध्ये व्हीपीएनच्या यादीत जे असेल ते ‘फर्गेट’ करा आणि मग ते अ‍ॅप काढा, नुसतं अ‍ॅप काढून थांबू नका. वाय-फायच्या प्रगत सेटिंगमध्ये प्रॉक्सीपुढे ‘नन’ आहे का पाहा. सिक्युरिटीच्या भागात सर्टिफिकेटांच्या यादीत ‘युजर’ या नावाखाली काही दिसलं आणि ते ऑफिसने बसवलेलं नसेल, तर काढून टाका. ब्राउझरमधली अनोळखी एक्स्टेन्शन काढा. त्यानंतर, शक्य असेल तर दुसऱ्या स्वच्छ फोनवरून, आधी ईमेलचा आणि मग बँकेचा पासवर्ड बदला. जीमेलमध्ये आपलं खातं कोणकोणत्या उपकरणांवर उघडं आहे ते दिसतं, तिथून अनोळखी नावं बाहेर काढा. दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा. पैसे गेले असतील किंवा खात्यात अनोळखी व्यवहार दिसत असेल तर उद्यावर ढकलू नका. १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा, बँकेला कळवा आणि केंद्राच्या सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. प्रॉक्सी वापरली होती हे सांगायला घाबरू नका. पहिल्या काही तासांत तक्रार गेली तर पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता बरीच जास्त असते.